स्टँडर्ड हेराल्डचं छत काढायचं की ठेवायचं: इंदूरच्या एका दोन-दारी गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

घर इंदूरचं, राजेंद्रनगरातलं मराठी कुटुंब. नावं गाळलीत, ओळख पटेल असे एकदोन तपशील इकडेतिकडे केलेत, बाकी जसं घडलं तसंच लिहितोय. गाडी १९६६ सालची स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची, वडिलांनी सेकंडहँड घेतलेली आणि शेवटपर्यंत विकली नाही. मुलं तीन. मोठा बँकेतून रिटायर, मधली ताई देवासला दिलेली, आणि धाकटा लग्नांच्या फोटोग्राफीत. आई आहे, गाडीबद्दल तिचं मत एकच, काय करायचं ते करा पण शेड मोकळी करा.

मी पिथमपूरला एका वाहन कंपनीत बॉडी शॉपमध्ये नोकरी केली, मोठा माझा शेजारी, म्हणून मला बोलावलं. मी ना वकील ना विंटेजवाला, पत्रा आणि वेल्डिंग एवढंच माझं क्षेत्र.

हेराल्डबद्दल थोडं सांगावंच लागेल कारण सगळं प्रकरण त्या गाडीच्या बांधणीवर उभं आहे. इंग्लंडात स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही फर्म १९५३ मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने विकत घेतली, म्हणजे आपला पुरवठादारच प्रतिस्पर्ध्याच्या घरात गेला. आता नव्या गाडीची एकसंध बॉडी बनवून देणार कोण? मग त्यांनी सरळ जुनी पद्धत धरली, खाली वेगळी चासी आणि वर बॉडीचे तुकडे, जे निरनिराळ्या ठिकाणी बनवून आणायचे आणि बोल्टने जोडायचे. डिझाइन जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाचं. १९५९ ला गाडी बाजारात आली आणि पुढच्या दोनतीन वर्षांत त्याच सांगाड्यावर सलून (पक्क्या छताची नेहमीची गाडी), कूपे, कन्व्हर्टिबल (घडी होणाऱ्या कापडी छताची), इस्टेट आणि डिलिव्हरी व्हॅन असे सगळे प्रकार निघाले. वरचा भाग बदला की झाली नवी गाडी. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ती ९४८ सीसी इंजिनासकट बनवली, आणि साठच्या दशकाच्या शेवटी चार दारांची हेराल्डही काढली, ती फक्त भारतातच झाली.

तर दोन दारांच्या हेराल्डचं छत हा वेगळा, बोल्टने बसवलेला भाग आहे. मागची काच आणि बाजूच्या छोट्या काचांसकट सगळं एकत्र उचलून बाजूला ठेवता येतं. पद्मिनी किंवा अँबॅसेडरमध्ये असं काही नाही, तिथे छत, खांब, फ्लोअर सगळं मिळून एकच पेटी आहे आणि चपलांच्या खोक्याचं झाकण काढून तो पिळून बघा, तसं होतं छत कापल्यावर. हा फरक धाकट्याने यूट्यूबवर बघितला आणि तिथून गोष्ट सुरू झाली.

अडचण

धाकट्याचं म्हणणं सरळ होतं. प्री-वेडिंग शूटला आणि वरातीला लोक ओपन विंटेज मागतात, ती बाहेरून भाड्याने आणली की निम्मे पैसे तिकडेच जातात, आणि इथे घरात गाडी धूळ खात पडलीये. इंग्लंडातले लोक घरच्या अंगणात दुपारभरात हेराल्डचं छत उतरवतात, मग आपण का नाही. त्याने एका डेंटरला दाखवलीही गाडी. तो म्हणाला, "भिया, बोल्ट-वोल्ट का चक्कर छोड़ो, कटर से आधे दिन में उड़ा दूंगा, ऊपर से किनारी मार देंगे, एकदम फॉरेन लगेगी." भाव ५०,०००, पेंटसकट.

मोठ्याला ते पटत नव्हतं पण का पटत नाही हे नीट सांगता येत नव्हतं. बाबांची गाडी, बाबांची गाडी, एवढंच. ह्या उत्तराने धाकटा अजून पेटायचा, कारण बाबांच्या गाडीला पंचवीस वर्षांत कुणी पाणीसुद्धा मारलं नव्हतं, आणि त्यात तो खोटं बोलत नव्हता.

मला विचाराल तर छत निघेल का, हा ह्यातला सगळ्यात सोपा प्रश्न होता. निघतं. खरे प्रश्न दुसरे होते. छत निघाल्यावर दारांची चौकट जागेवर राहते का. पाऊस आला की पाणी कुठे जाणार. आरसीवर बॉडीच्या रकान्यात सलून लिहिलंय त्याचं काय. आणि ज्या धंद्यासाठी हे करायचं तो धंदा ह्या गाडीवर करता येतो का. हा शेवटचा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, आणि तोच सगळ्यात महाग निघाला असता.

त्यात कागदांची अवस्था अशी की आरसी अजून वडिलांच्या नावावर, मुदत कधीच संपलेली, इन्शुरन्स नाही.

समोर असलेले पर्याय

एक, डेंटरवाला. कटरने छत उडवायचं. हा पर्याय मी पहिल्याच दिवशी बाद करायला सांगितला. ज्या गाडीचं छत बोल्ट सोडून निघतं तिचं छत कापणं म्हणजे परतीची वाट स्वतःच्या हाताने बंद करणं, आणि वरून खांबांचे तुटके शेंडे पुट्टीत दडपायचे.

दुसरा, इंग्लंडात करतात तसा पूर्ण बदल. इथे लोकांचा गैरसमज असतो की छत काढलं म्हणजे कन्व्हर्टिबल झाली. नाही होत. कंपनीच्या कन्व्हर्टिबलमध्ये मागचा पत्रा वेगळा असतो, घडी केलेलं हूड, म्हणजे कापडी छत, बसायला जागा असते, त्या जागेसाठी मागची सीट अरुंद असते, पुढच्या काचेच्या फ्रेमला वरून हूड अडकवायची सोय असते, आणि दाराच्या मागच्या खांबापाशी जादा मजबुती दिलेली असते. हे सगळं मागवायचं, हूडची फ्रेम, कापड, रबरं, वर शिपिंग आणि कस्टम ड्यूटी. तिकडेही अशा बदललेल्या गाड्यांना अस्सल कन्व्हर्टिबलएवढा भाव मिळत नाही, घेणारा माणूस आधी गाडीवरचा कारखान्याचा नंबर तपासतो.

तिसरा, छत न काढता गाडी आहे तशी नीट करायची आणि विंटेजमध्ये रजिस्टर करायची.

चौथा धाकट्यानेच काढला, आणि मला तो ऐकायला बरा वाटला होता हे खरं. छत कायमचं काढायचं नाही, फक्त शूटच्या दिवशी लॉनवर नेऊन उतरवायचं, काम झालं की परत बसवायचं. रस्त्यावर गाडी सलूनच.

कापडी घडीचं सनरूफ असाही एक विषय निघाला होता, जुन्या काळी असं बाहेरून बसवून घ्यायचे लोक, पण त्यातही छताला भोक पाडायचंच आहे म्हणून तो लगेच मागे पडला.

पहिला निर्णय: कागद आधी की पाना आधी

मी म्हणालो की पान्याला हात लावायच्या आधी आरटीओचं काय ते बघा. मोठ्याने बँकेतल्या सवयीने फाइल केली, ओळखीच्या वकिलाला भेटला, आणि जे कळलं ते असं.

मोटर वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीत असा कुठलाही बदल करायचा नाही ज्यामुळे आरसीवरची माहिती आणि बनवणाऱ्याने मुळात दिलेली माहिती जुळणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हेच ठाम केलं, रंग बदलणं किंवा किरकोळ फिटिंग चालेल पण गाडीच्या ढाच्यात बदल नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं, त्यात मालकाने बेकायदा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

धाकट्याचा मुद्दा हुशारीचा होता, कंपनीनेच कन्व्हर्टिबल काढली होती ना, मग ते मूळ डिझाइनच झालं की. पण कायदा मॉडेलच्या खानदानाकडे बघत नाही, ती एक गाडी कारखान्यातून काय म्हणून निघाली ते बघतो. ही सलून म्हणून निघाली. वकील म्हणाले वाद घालता येईल, जिंकता येईल असं मी सांगणार नाही.

मग धाकट्याने पिथमपूरचं काढलं. एवढा मोठा नॅट्रॅक्सचा टेस्ट ट्रॅक आपल्या दाराशी आहे, ११.३ किलोमीटरचा, तिथे टेस्ट करून सर्टिफिकेट घेऊ. अरे बाबा, तिथे कंपन्या आपली मॉडेल्स पास करून घ्यायला जातात, राजेंद्रनगरची एक हेराल्ड घेऊन नाही. हसलो सगळे, तोही हसला.

खरा धक्का पुढे होता. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे वेगळे नियम आणले. पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षांहून जास्त झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली, अशी गाडी विंटेज. नव्या रजिस्ट्रेशनची फी २०,०००, मुदत १० वर्षं, नंतर नूतनीकरणाला ५,०००, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं. १९६६ ची हेराल्ड वयात बसते. म्हणजे छत जागेवर असेल तर गाडी विंटेज, छत काढून बॉडी बदलली तर नुसती जुनी. एका पान्याने गाडीचा सगळा दर्जा जाणार.

पण त्याच नियमांत असंही आहे की विंटेज गाडी रस्त्यावर रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. आणि विंटेज न करता साधी खासगी आरसी ठेवली तरी खासगी नंबरवर भाडं घेऊन वरात काढणं बेकायदाच. म्हणजे छत असो नसो, ज्या हिशेबावर धाकट्याने सगळं उभं केलं होतं तो हिशेबच रस्त्यावर चालणारा नव्हता. इथे खरं तर प्रकरण संपायला हवं होतं, पण माणसं अशी थोडीच थांबतात. लॉनवर तर चालेल ना, खासगी जागेत, हा चौथा पर्याय अजून जिवंत होता आणि सगळ्यांनी त्यालाच धरलं.

दुसरा निर्णय: ताईची अट

गाडी नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, मालक वारल्यावर वारसाच्या नावे करायचा तो. बाकी वारसांचं नाहरकत शपथपत्र जोडायचं. आईने लगेच सही केली. ताईने देवासहून फोनवर सांगितलं, सही करते पण आधी लिहून द्या की छत कापणार नाही. कापणार नाही हा शब्द तिचा, काढणार नाही असं ती म्हणाली नव्हती, आणि धाकट्याने तो फरक बरोब्बर पकडला. मोठा म्हणाला कापायचं नाही हे ठरलंच आहे, दे लिहून. दिलं.

माझं मत तेव्हाही हेच होतं की ताईला नीट सगळं सांगावं, शब्दात पकडून सही घेऊ नये. घरातल्या माणसांत असं केलं की ते नंतर निघतंच, आणि निघालं.

काय केलं

आधी चासी. हेराल्डची चासी म्हणजे मधून जाणारे दोन मुख्य रेल आणि त्यातून बाजूंना निघालेले हात, आउटरिगर म्हणतात त्यांना, बॉडीच्या कडा त्यांच्यावर टेकतात. दाराखालची पट्टी दिसते मजबूत पण ती शोभेची, भार ती घेत नाही. वरून गाडी बरी दिसत होती. खाली झोपून पेचकस मारला तर मागचे दोन्ही आउटरिगर पापडासारखे, पेचकस आरपार. शेडची जमीन मातीची, दर पावसाळ्यात ओल, आणि गाडी एवढी वर्षं एकाच जागी. उजव्या दाराच्या मागच्या खांबाचं बूड कधीतरी कुणीतरी पुट्टीने भरून वर रंग मारलेला होता, पुट्टी निघाली तेव्हा आतून माती पडली.

इथे मी अडून बसलो. आउटरिगर आणि खांबाचं बूड झाल्याशिवाय छताचा एकही बोल्ट सुटणार नाही. कारण छत कितीही वेगळं असलं तरी इतकी वर्षं ते खांबांना वरून बांधून उभं आहे, खालचा आधार कुजलेला असताना वरचा सोडला तर दाराची चौकट कुठे जाईल सांगता येत नाही. गाडी सपाट फरशीवर आणली, चासीखाली चार ठिकाणी स्टँड लावून पाणसळीने लेव्हल केली, आणि मगच वेल्डिंग. आउटरिगर जुन्याच्या मापाने नवीन पत्रा वाकवून बनवले, सियागंजातून आणलेला साधा पत्रा, काम लोहामंडीजवळच्या एका म्हाताऱ्या फॅब्रिकेटरने केलं. फार सुंदर काम. असे हात आता कमी राहिलेत.

मग छताची ट्रायल. दाराच्या चौकटीत आतून चौकोनी पाइपाचा दांडा लावला, बिजागरीच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंत, दोन्ही बाजूंना. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजून भिंतीवर खडूने लिहिले. दारांच्या मागच्या फटी चारचार जागी मोजल्या. बोल्ट सोडताना एक गडबड झाली, मी मागच्या बाजूला होतो आणि धाकट्याच्या दोन मित्रांनी पुढचे बोल्ट सगळे सोडायच्या आधीच मागून छत उचललं. पुढची काच कोपऱ्यातून तडकली. हेराल्डची पुढची काच वक्र आहे, सपाट काच कापून बसवता येत नाही, त्यामुळे तिथेच सगळ्यांचा मूड गेला. मोठा काही बोलला नाही, आत जाऊन चहा करून आणला फक्त.

छत उतरलं. दांडे असताना मापं जवळपास तीच. दांडे काढले, किंचित फरक. मग पुढे दोन माणसं बसवली आणि उजव्या दाराची मागची फट वरच्या बाजूला मिटत आली, खालच्या बाजूला उघडली. दार बंद व्हायला जोर लागायला लागला. धाकटा म्हणाला एवढं चालतं, जुनी गाडी आहे. म्हटलं चालवून बघ. गल्लीतल्या बंद टोकाला, वॉकिंगच्या वेगाने, त्याने ती गटारावरच्या फरशीवरून नेली आणि डावं दार आपोआप उघडलं. ज्या बाजूच्या खांबाला आम्ही हात लावला नव्हता ती बाजू. कंपनीने कन्व्हर्टिबलला तिथे जादा मजबुती का दिली होती ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

अजून एक गोष्ट मी त्याला त्याच दिवशी सांगितली. हेराल्डचं मागचं सस्पेन्शन स्विंग अ‍ॅक्सलचं आहे, म्हणजे डावं-उजवं चाक आपापल्या अर्ध्या दांड्यावर वेगळं झुलतं, आडवी एकच पाटा स्प्रिंग, जोरात वळणावर एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागचं चाक आत दुमडायला बघतं. इथल्या मालकांना आणि मेकॅनिकांना ते फारसं आवडलं नव्हतंच, पुढे हेराल्डच्या जागी गझेल काढली तेव्हा कंपनीने सरळ साधा अ‍ॅक्सल टाकला. अशा गाडीत वर छत नाही, मागे उभं राहिलेलं जोडपं, आणि पुढे ढोल. लॉनवरही नको.

तिसरा निर्णय: परत बसवायचं

हा निर्णय कुणी एकाने घेतला असं झालं नाही. धाकट्याने दोन दिवस काही विषय काढला नाही, मग स्वतःच इंग्लंडातून हूडची फ्रेम, मागचा पत्रा, मजबुतीच्या पट्ट्या ह्यांचा अंदाजे खर्च काढून आणला आणि तो गाडीच्या किमतीच्या वर जात होता. वर रस्त्यावर चालवता येणार नाही ते वेगळंच. तेवढ्यात ताईला कुणीतरी छत काढलेल्या गाडीचा फोटो पाठवला. तिचा फोन आला, मोठ्याला म्हणाली, दादा, तू बँकेत होतास ना रे? बस, एवढंच. मोठ्याला ते फार लागलं.

छत परत बसवायचं ठरलं. डाव्या खांबाचंही बूड उघडलं, तेही कुजकंच निघालं, दुरुस्त केलं. पुढची काच कोइंबतूरहून एका जुन्या हेराल्डवाल्याकडून मिळाली, दक्षिणेत ह्या गाड्या आणि त्यांचे सुटे भाग अजून निघतात. छताखालची सगळी रबरं नवीन. छत बसवल्यावर दारं एका बोटाने बंद व्हायला लागली, जी आम्ही ट्रायलच्या आधीही तशी कधी पाहिली नव्हती, म्हणजे ती आधीपासूनच खचलेली होती आणि आम्ही तिलाच नॉर्मल समजून मापं घेत होतो.

निकाल

गाडी मोठ्याच्या नावावर झाली. विंटेजचा अर्ज दिलाय, तपासणी व्हायची आहे. बॉडीत बदल नाही, रंग मूळच्या जवळचा फिकट हिरवा, इंजिन तेच. आउटरिगर बदललेत ते दुरुस्ती म्हणून फोटोंसकट फाइलला लावलेत, लपवलेलं काही नाही.

धाकट्याचं काम वेगळ्याच तऱ्हेने झालं. त्याने गाडी एकदा फ्लॅटबेडवर टाकून ओळखीच्या लग्नात लॉनवर नुसती उभी केली, छतासकट, दार उघडं, नवरी पायऱ्या उतरावी तशी उतरतेय असे फोटो. लोकांना आवडले. ओपन आहे का हे कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर ओपन गाडी लोकांना हवी असते ती वरातीत उभं राहायला, फोटोला नाही, आणि हा फरक आधी चार क्लायंटना फोन करून कळला असता. भाडं तो घेत नाही, फोटोंच्या पॅकेजमध्ये सजावट म्हणून ठेवतो, तेही किती दिवस चालवायचं ते विंटेज नंबर आल्यावर वकिलाला विचारून ठरवणार आहेत.

खर्च किती झाला ते लिहू नको असं मोठ्याने सांगितलंय. डेंटरच्या भावापेक्षा बराच जास्त, इतकं लिहिलं तर तो रागावणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

काचेचा खर्च वाचला असता हे उघड आहे. उचलायला माणसं होती पण कुठला बोल्ट कधी सुटणार हे फक्त मला आणि फॅब्रिकेटरला माहीत होतं. छताला चिठ्ठ्या लावून, सुटलेला प्रत्येक बोल्ट मोजून डब्यात, आणि एका माणसाच्या आवाजाशिवाय कुणी हात लावायचा नाही, असं हवं होतं.

मोठ्याचं म्हणणं आहे की ट्रायलच नको होती, कागद वाचल्यावर तिथेच थांबायचं. मला ते पूर्ण पटत नाही. कागदाने धाकटा गप्प बसला होता, पण मान्य त्याने केलं ते दार उघडल्यावर. आणि ट्रायल झाली नसती तर डावा खांब आम्ही उघडलाच नसता, तो पुट्टीत तसाच राहिला असता आणि विंटेज नंबर लावून गाडी रॅलीला गेली असती. पण ट्रायल करायचीच होती तर ताईला आधी सांगून करायला हवी होती, तिला कापणं आणि काढणं ह्यातला फरक कळला नसता असं कुणी का धरलं हे मला अजून समजलेलं नाही.

आणि धंद्याचा प्रश्न सगळ्यात आधी. कोण, कुठे, कसली गाडी वापरणार, भाडं घेणार का, रस्त्यावर की आवारात. हे कागदावर लिहिलं असतं तर छताचा विषय कदाचित दुसऱ्या पानावरही आला नसता. इंदूरच्या महाराजा यशवंतराव होळकरांनी १९३५ मध्ये अमेरिकेची ड्यूसेनबर्ग चासी घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून नारिंगी-काळ्या रंगाची ओपन बॉडी बांधून घेतली, त्या काळात चासी एकाकडून आणि बॉडी दुसऱ्याकडून हा रिवाजच होता, आणि धाकटा हे उदाहरण अजून देतो. पण ती बॉडी पहिल्याच दिवशी त्या चासीवर ओपन म्हणून बांधली होती, सलूनचं छत काढून नाही.

हे सगळं ऐकून बाहेरच्या दोघांनी मला विचारलंय की आमच्याकडे चार दारांची हेराल्ड आहे, ती होईल का. ती तर करूच नका. तिथे मधल्या खांबाला मागची दारं टांगलेली आहेत, वरून छत गेलं की तो खांब नुसता उभा राहतो आणि दोन दारांचा भार घेतो, शिवाय ती भारतातच बनलेली गाडी, तिची कन्व्हर्टिबल कुणी कधी काढलेलीच नाही, म्हणजे कुठले भाग मागवणार. आणि पद्मिनीवाल्यांनी कृपया विचारूही नका.